मेश्राम बाईंचा लाईट

मेश्राम बाईंनी सायकलला लाईट घ्यायचं ठरवलं तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. मग वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, शंकर नगरात नवी ऑफिसं थाटली. एवढं सगळं ठरलं. डायनमो घ्यावा की बॅटरी, हे मात्र बाईंचं ठरलं नाही.

बाई रेल्वेच्या ऑफिसात. तात्यापाऱ्यात आमच्याच गल्लीत एकट्या राहत. मी वीज खात्यात कारकून. जन्मात कधी फ्यूज बदलला नाही, पण उजेडाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, असं बाई म्हणत. तो शेवटचा शब्द त्यांनी मला कधी बोलू दिला नाही, ते वेगळं.

संध्याकाळ झाली की हजर. "भाऊ, राजधानी झाली आता. बिनालाईटची सायकल शोभते काय?"

"मग डायनमो घ्या."

"हव! अन् सिग्नलवर थांबली का लाईट गुल. ट्रकवाल्याले मी दिसन कशी?"

"मग बॅटरीचा घ्या."

"सेल मधातच दगा देते. काहून फसवून राहिले मले?"

एकदा माझी मुलगी वैतागून म्हणाली, "आंटी, दोनों लगवा लो ना!" बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू पोरीनं त्यांना दोन नवरे करायला सांगितलं.

गंमत म्हणजे बाई अंधारात सायकल चालवतच नसत. ऑफिस सुटलं की उजेडात घरी. आमच्याकडे येत त्या पायी.

शेवटी दिवाळीत मीच बॅटरीचा लाईट आणून त्यांच्या हातात ठेवला. "घ्या बाई. विषय संपला."

"बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी निवांत पेपर वाचला. आठवडा गेला, तशी बायको म्हणाली, "जाऊन तर पाहा. बरं नसन त्यायले."

गेलो. बाई ठणठणीत होत्या. लाईट टेबलावर, खोक्यातच.

"कसा आहे?"

"चांगला आहे. काहीच तक्रार नाही." बदलीची ऑर्डर हातात पडावी तसा आवाज.

मी जरा वेळ दारातच घुटमळलो. मग म्हणालो, "बाई, मले वाटते आपण घाई केली. डायनमोच बरा होता."

बाईंनी मान वर केली. "काहून?"

"सेल संपतात ना."

"अन् सिग्नलवर थांबल्यावर? तेव्हा काय कराव माणसानं?" आवाज चढला. "बसा भाऊ, हे काय उभ्यानं बोलायचं आहे?"

घरातल्या एकुलत्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो त्यांनी लगबगीनं उचलून पलंगावर टाकला, पदरानं खुर्ची पुसली आणि डायनमोला नावं ठेवत आत गेल्या. स्टोव्हच्या आवाजावर त्यांचा आवाज चढत होता. टायर घासते, पायडल जड होते, पावसात घसरते.

मग एकदम थांबल्या. दारात येऊन, जरा अवघडून म्हणाल्या, "भाऊ, चहात साखर किती घेता तुम्ही?"

हे त्यांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे गेलंच नव्हतं.