नरडाण्याचा तीन हजार वर्षांचा माठ

चिमूटभर माती हातावर घेतली की तिथे कधीकाळी कोण राहत होतं ते मी सांगू शकतो, असं मी आमच्या मेहरूणमध्ये भेटेल त्याला सांगत असे. त्यामुळे नरडाण्याजवळ एका कंपनीचं गोदाम उभं राहण्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का हे तपासायचं काम मिळालं, तेव्हा मी हरखलोच.

पण खड्ड्यात काळ्या मातीशिवाय काहीच सापडेना. शेवटी चहाच्या टपरीवर गावातल्या म्हाताऱ्या जीवरामनानांना विचारलं, "नाना, इथं पूर्वी कोणाची वस्ती होती का?"

"का बरं?"

"जुन्या वस्तीची माहिती कंपनीला द्यायची असते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की ज्यांची वस्ती जुनी, त्यांना गोदामात नोकरी.

सकाळी खड्ड्यात पाहतो तर खापरंच खापरं. तांबड्या मातीवर काळ्या नागमोडी रेघा! माती कालच उकरल्यासारखी भुसभुशीत होती, पण आनंदात तिकडे लक्षच गेलं नाही. धुळ्याला पुरातत्त्व खात्यातल्या सुलक्षणा मॅडमना फोन लावला. "मॅडम, तीन हजार वर्षं तरी. गोदाम थांबवावं लागेल."

दुपारी मॅडम आल्या तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. पुढे नाना. "बठ्ठं आमनंच शे," सगळ्या खापरांवरून हात फिरवत ते म्हणाले. प्रेमराज नावाचा तरुण नवा शर्ट घालून मुलाखतीला आल्यासारखा उभा होता.

मॅडम खाली बसून खापरं जुळवू लागल्या. रेघांखाली अक्षरं दिसली. त्यांनी सावकाश वाचलं, "चि. प्रेमराज... चि. सौ. कां. कामिनी."

गर्दीतून एक बाई पुढे आली. "हाऊ आमना लगनना माठ शे," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "मले तर सांगं व्हतं, मांजरनी फोडा!"

नव्या शर्टातला प्रेमराज एकदम नानांच्या मागे गेला.

मॅडमनी पेन काढलं. "योगेंद्र, काळ काय लिहू?"

उत्तर कामिनीनेच दिलं.

"मागच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा लिहा, ताई. हळदीच्या दिवशी आणला होता."

मॅडमनी तसंच लिहिलं. गोदाम झालं. प्रेमराज आता तिथे पहारेकरी आहे, आणि मी गेलो की आधी माझी पिशवी तपासतो.