कादंबरीची सालटी

पुस्तक चांगलं की वाईट, हे मला दहाव्या पानावर कळतं! खडकीच्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या महिला वाचन मंडळात माझा तसा दराराच आहे. त्यामुळे अध्यक्ष मंदाकिनीताईंनी "हल्ली मुली काय वाचतात ते आपणही बघू" म्हणत कॉलेजातली एक प्रेमकथा निवडली, तेव्हा पहिलं भाषण अर्थातच माझ्या वाट्याला आलं.

लेखिकेचं नाव नुसतंच 'आनंदी'. आडनाव नाही. का नाही, ते पुस्तक वाचल्यावर कळलं!

केदार आणि सुरुची हे वक्तृत्वस्पर्धेतले कट्टर वैरी. सुरुचीच्या मागे एक मुलगा हात धुऊन लागलेला. त्याला टाळायला ती आणि केदार प्रेमात पडल्याचं नाटक करतात. पुढे काय होतं? कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं. पान चौदा! फक्त त्या दोघांना कळायला पुढची एकशे ऐंशी पानं लागतात! आणि वैर? तीन पानांत खलास. अहो, पुण्यात पार्किंगवरून झालेलं वैर दोन पिढ्या टिकतं!

रविवारी नाश्त्याच्या वेळी मी भाषणाची तालीम केली. मटार सोलणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले.

"एवढं वाईट आहे का गं?"

"आई, वाईट म्हणजे! सादळलेला पापड!"

सासऱ्यांना चहाचा जोरदार ठसका लागला. माझ्या लेकीनं, चैतालीनं, टेबलाखालून मला लाथ मारली. मला वाटलं, पोरगी दाद देतेय!

संध्याकाळी हॉल भरला होता. कधी नव्हे ते सासूबाई निळी सिल्कची साडी नेसून पहिल्या रांगेत. सासरे मागे दारापाशी. मला भरूनच आलं. सुनेचं केवढं कौतुक! मग मी जी सुटले!

"नायकाच्या पापण्यांचं वर्णन अकरा वेळा! मी मोजलंय! कॅन्टीनचा चहा सतरा वेळा, लेक्चर एकही नाही! यांना पास कोण करतं?"

बायका हसून हसून डोळे पुसायला लागल्या. तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही.

"आणि या बाईनं जन्मात कधी प्रेम केलेलं दिसत नाही!"

"केलंय!" मागून आवाज आला. "मी साक्षीदार आहे!"

माझे सासरे, भीमराव, ताडकन उभे राहिले होते! मंदाकिनीताईंनी चष्मा सावरला.

"अं... आपल्या लेखिका आज इथेच आहेत. सुंदराबाई, येता ना वर?"

सुंदराबाई? माझ्या सासूबाई! कारखान्यातून निवृत्त झालेल्या, पेपरात फक्त शब्दकोडं सोडवणाऱ्या सासूबाई! दुपारी चैतालीला घेऊन, दार लावून, लॅपटॉपवर जो 'अभ्यास' चालायचा, तो हा? माझ्या हातातला माइक धाडकन खाली पडला.

"आई, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर खरं बोलली असतीस का?"

आवाज शांत होता. पण पुस्तक त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. ते पाहिलं आणि मी भाषणाचा कागद चुरगाळून पर्समध्ये कोंबला. दोन वर्षं दुपारची झोप मोडून लिहिलं असणार, आणि मी त्यावर टाळ्या मिळवत होते.

"काहीच आवडलं नाही का गं?" त्यांनी विचारलं.

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी जिवाच्या आकांतानं ती सगळी पानं मनात उलटीपालटी केली.

"शेवट!" मी जवळजवळ ओरडलेच. "आई, शेवट अप्रतिम! तिथे डोळ्यांत पाणी आलं हो!"

सासूबाईंनी पुस्तक मिटलं.

"शेवट प्रकाशकांनी लिहिलाय. माझा त्यांना आवडला नव्हता."

आणि त्या फस्सकन हसल्या! मग सासरे, मग चैताली, मग सगळा हॉल.

मी मुकाट्यानं खुर्चीत बसले. धरणीनं पोटात घ्यावं एवढी अपेक्षा नव्हती माझी. निदान खुर्ची तरी मोडावी! पण ती कारखान्यातली, लोखंडी होती.