माजी मतदारसंघाचे खैरनार सर

मी या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी खैरनार सरांनी मला जिन्यात गाठलं आणि नाव, गाव, नोकरी यातलं काहीही न विचारता एकच प्रश्न केला, "भाग क्रमांक?"

मला वाटलं, गॅसच्या पाइपलाइनचा काही नंबर असेल. म्हटलं, "अजून मिळाला नाही."

"मतदार यादीचा भाग क्रमांक हो. बरं, राहू द्या. तुम्ही पुनर्रचनेनंतरचे." असं म्हणून ते दोन पायऱ्या वर गेले, थांबले आणि वळून म्हणाले, "त्यात तुमचा काही दोष नाही."

सरांच्या जगात माणसं दोनच प्रकारची असतात, पुनर्रचनेपूर्वीची आणि नंतरची. पूर्वी आमच्या शहराचा मोठा भाग मिळून विधानसभेचा एकच मतदारसंघ होता आणि त्याचं नाव नुसतं 'नाशिक' होतं. मग हद्दी नव्यानं आखल्या गेल्या आणि शहराचे पूर्व, मध्य, पश्चिम असे तुकडे झाले. तुम्हीआम्ही पेपरात बातमी वाचली आणि पान उलटलं. सरांच्या घरात मात्र कुणीतरी गेल्यासारखं झालं. त्यांच्या दारावर आजही पाटी आहे: 'म. के. खैरनार, निवृत्त शिक्षक, मतदारसंघ नाशिक (माजी)'. त्यांच्या हिशेबानं नवी हद्द आमच्याच गल्लीच्या मधोमध जाते. त्यामुळे समोरच्या दुकानात दूध आणायला जाताना ते काकूंना सांगून जातात, "जरा पश्चिमेला जाऊन आलो."

सर मूळचे सटाण्याकडचे. नोकरीभर त्यांनी नाशकातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. गावाकडची बोली आता फारशी उरली नाही, पण एखादी गोष्ट पडताळून बरोबर निघाली की तोंडातून आपोआप येतं, "बराबर शे." मग ते खिशातलं लाल पेन काढतात, बरोबरची खूण करतात, खाली सही करतात आणि तारीख घालतात. आयुष्यभर वह्या तपासल्यामुळे हे तिन्ही त्यांच्या हातातून एका झटक्यात होतं. एकदा सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की उद्या पाणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी खरंच पाणी आलं नाही. संध्याकाळी बघतो तर सूचनेखाली लाल खूण, सही आणि तारीख.

नोकरीच्या काळात मतदार याद्यांचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडायचं. बाकीचे ते रडत करायचे, सर नटूनथटून निघायचे. घर न् घर फिरून त्यांनी याद्या अशा पाठ केल्या की माणसाचा चेहरा दिसला की त्यांना आधी नंबर आठवतो. गंगापूर रोडवर त्यांच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे चालती यादी ऐकणं. "ते बघा, भाग अठ्ठावन्न, सातशे तीन. थोरलीचं लग्न झालं तेव्हा तिचं नाव मीच कमी केलं. रडले होते हो फार, मुलगी गेली तेव्हा नाही, नाव कमी केलं तेव्हा." एका लग्नात त्यांनी मुलाच्या वडिलांशी माझी ओळख अशीच नंबरावरून करून दिली. वडील बिचारे हात जोडून म्हणाले, "सर, नंबर बदलला आता."

आता सरांच्या मुख्य उद्योगाविषयी. गेली काही वर्षं ते या माजी मतदारसंघाचा इतिहास लिहीत आहेत. सात फुलस्केप वह्या भरल्या आहेत. मी एकदा मोठ्या उत्साहानं पहिली वही उघडली आणि गोंधळलो, कारण तिच्यात निवडून आलेल्या एकाही माणसाचं नाव नव्हतं.

"त्यांचा इतिहास त्यांची माणसं लिहितील," सर म्हणाले. "पडलेल्यांचा कोण लिहिणार?"

म्हणून सर स्कूटर काढतात आणि पडलेले अपक्ष शोधत हिंडतात. कुणी शिट्टी चिन्हावर उभा होता, कुणी शिलाई मशीनवर, कुणी कपबशीवर. एक रविवार मीही मागे बसून गेलो होतो. जुन्या नाशकातल्या एका बोळात एक म्हातारे शिंपी बसले होते. तरुणपणी अपक्ष उभे राहून सपशेल आपटले होते आणि त्यांच्या घरात या विषयावर बोलायची बंदी होती. सर त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि कोणत्या केंद्रावर त्यांना किती मतं पडली ते तोंडपाठ सांगायला लागले. शिंप्यांनी मशीन थांबवलं. एका केंद्रावर त्यांना एकच मत पडलं होतं, तेही सरांनी सांगितलं.

"एक? तिकडं तर माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. कुणाचं असेल हो सर ते?" शिंप्यांनी विचारलं. हातात कात्री तशीच धरलेली.

"ते कळत नाही. गुप्त असतं," सर म्हणाले.

परतताना सर सिग्नलला थांबले तेव्हा म्हणाले, "बोरस्ते, पडलेला प्रत्येक माणूस मला हेच विचारतो. किती पडली हे कुणी विचारत नाही. दिली कुणी, एवढंच त्याला हवं असतं." मला या माणसाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. शहरात इतकी माणसं आहेत, पण हरलेल्यांच्या दारात जाऊन बसणारा हा एकच.

सरांच्या कर्तबगारीतली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निवडणुकीच्या प्रशिक्षणात 'अवैध मत' हा तास सरांकडे असायचा. मत कशाकशानं बाद होतं ते शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवडणुकीच्या कामावर जाणारे कर्मचारी स्वतःचं मत टपालानं पाठवतात. त्यांना सर बजावून सांगायचे, "मतपत्रिकेवर खूण करा आणि हात मागे घ्या. नाव नाही, सही नाही. सही केली की मत मेलं." त्या काळातले शिक्षक भेटले की अजूनही हे वाक्य सरांच्या आवाजात म्हणून दाखवतात.

आणि आता इंदूताई, म्हणजे आमच्या काकू, सरांच्या पत्नी. भाजीबाजारात बसणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह नाही म्हणून काकूंनी एका निवडणुकीत सगळ्या उमेदवारांना गाठलं होतं. सगळे हसून पुढे गेले. काकूंनी घरी न विचारता अर्ज भरला. चिन्ह मिळालं बादली. पदर खोचून एकट्या दारोदार फिरल्या.

सर सरकारी नियमानं बांधलेले. त्यांनी आधी कार्यालयाला लेखी कळवलं की माझ्या घरात एक उमेदवार आहे. मग आचारसंहिता संपेपर्यंत स्वतःचा चहा स्वतः केला, कारण उमेदवाराच्या हातचा चहा मतदारानं घेणं त्यांना बरं वाटेना. काकू प्रचाराला ज्या बाजूनं चालायच्या त्याच्या समोरच्या बाजूनं सर जायचे. काकूंनी एकदा जेवताना आपलं पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं, तर ते ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेले. मतदानाच्या दिवशी सरांची नेमणूक होती तिकडे दूर सुरगाण्याच्या डोंगरात. काकू पडल्या, हे सांगायला नको. पुढे स्वच्छतागृह झालं. उद्घाटनाला त्यांना बोलावणं नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं. नव्हतं माहीत ते गेल्या महिन्यात कळलं.

आमच्या जवळच्या एका छोट्या वाचनालयानं सरांना त्यांचा इतिहास वाचायला बोलावलं. आदल्या दिवशी दुपारी सर सातवी वही घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. सगळ्या पडलेल्या उमेदवारांपुढे मतांचे आकडे होते. फक्त 'सौ. इंदू खैरनार, अपक्ष, बादली' या ओळीपुढे रकाना कोरा होता.

"सर, हा आकडा राहिला."

"राहिला नाही, लिहिता येत नाही. सरकारी आकडा लिहिला तर त्यात माझं मत नाही." ते खुर्चीत बसले. "बोरस्ते, मी टपालानं मत दिलं होतं. तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. आणि हाताच्या सवयीनं खाली सही केली. तारीख घातली. पाकीट बंद करून पाठवून दिलं. परतीच्या बसमध्ये आठवलं."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण सरांचे डोळे भरले होते.

"तिला वाटतं मी मत दिलं. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी देईन. पुढच्या वेळी ती उभीच राहिली नाही. आणि त्याच्या पुढच्या वेळी मतदारसंघच उरला नाही. आता देऊ कुठं?"

मग मला कळलं, हा माणूस त्या माजी मतदारसंघाला इतकी वर्षं का सोडत नाही ते.

"उद्या ती पहिल्या रांगेत असणार," सर म्हणाले. "ही ओळ वगळली तर इतिहास खोटा. वाचली तर घरात काय तोंड दाखवू?"

मी सरळ सांगितलं, "वगळा." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुनर्रचनेनंतरचा आहे हे मला पुन्हा पटलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तीसेक माणसं होती. शिंपीही आले होते, नातीचा हात धरून. सरांनी तासभर झकास वाचलं. लोक हसले, हळहळले. मग सातवी वही आली. सरांनी काकूंचं नाव वाचलं, चिन्ह वाचलं आणि थांबले. पाणी प्यायले. मग वहीकडे न बघता सगळं सांगून टाकलं, खूण, सही, तारीख, बस. "या उमेदवाराचं एक मत माझ्या चुकीनं बाद झालं. जन्मभर लोकांना जे शिकवलं तेच मी चुकलो. ते मी आजवर तिला सांगितलं नव्हतं."

काकूंनी चष्मा पुसला.

"अहो, मला ठाऊक आहे ते," काकू म्हणाल्या.

"कसं काय?" सर म्हणाले.

"मला कुठला एजंट? मोजणीला मी स्वतःच बसले होते. टपालाची मतं आधी मोजतात. बाद झालेलं मत साहेबांनी आम्हा सगळ्या उमेदवारांना दाखवलं. म्हणाले, कुणी मास्तर दिसतोय, पेपर तपासून पाठवलाय. सगळे हसले. मी सही बघितली."

"मग बोलली का नाहीस?" सरांनी विचारलं.

"गुप्त मतदान ना? कसं बोलणार?"

यावर सभागृह खदखदून हसलं. काकू हसल्या नाहीत. त्या उठून टेबलापाशी गेल्या.

"बाकीची मतं मला कुणी दिली ते आजपर्यंत कळलं नाही हो. भाजीवाल्या सगळ्या म्हणतात आम्ही दिलं. माहेरचे म्हणतात आम्ही दिलं. तेवढी तर पडलीही नव्हती. कुणाचं ते मला नक्की ठाऊक आहे असं हे एकच. त्या एका मतावर मी घरी आले, स्वयंपाक केला आणि तुमची वाट बघत बसले."

मागच्या रांगेत म्हातारे शिंपी टोपी काढून डोळे पुसत होते.

काकूंनी वही आपल्याकडे फिरवली. सरांच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात आपल्या हातानं सरकारी आकडा लिहिला. त्याच्यापुढे लिहिलं, अधिक एक. मग पेन सरांच्या हातात दिलं.

"तपासा."

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "बराबर शे," असं काहीतरी पुटपुटले आणि खूण केली. मग सवयीनं पेन खाली सरकलं आणि ते दचकून थांबले.

काकू म्हणाल्या, "करा, करा सही. इथं चालते."