तांडेलचा रिकामा ड्रॉवर

आमच्या अंधेरीच्या शेअर दलालाच्या ऑफिसात तांडेलला टेबल होतं, टेबलाला ड्रॉवर होता, आणि त्या ड्रॉवरमध्ये इतक्या वर्षांत एक टाचणीसुद्धा पडली नव्हती. हा गडी रोज वर्सोव्याहून माउस, कप, खुर्चीवरची गादी असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन यायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा.

"अरे, ठेव की इथेच," मी म्हणायचो.

"आपलं काय रे, कॉन्ट्रॅक्ट! उद्या गेटवरच अडवलं तर गादी कोण आणून देणार?"

करार तीन-तीन महिन्यांचा. आमचे सगळे सौदे ज्या सॉफ्टवेअरवर चालायचे, ते यानेच लिहिलेलं आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन स्वतः बसवलेलं. ते अडलं की साहेब धावत याच्याकडे. पण कुणाच्या वाढदिवसाचा केक पुढे केला की हा मागे सरकायचा. "तो पर्मनंटवाल्यांचा." एकदा एसी नेमका याच्या डोक्यावर गळायला लागला, तर तक्रार करायची सोडून पठ्ठ्या छत्री उघडून काम करत बसला.

यंदा साहेबांनी ब्राउझरवर चालणारं तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं. तांडेलचा करार वाढणार नव्हता. हे त्याला सांगायची हिंमत कुणाला होईना, म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. रविवारी त्याच्या घरी गेलो. एकटाच ओट्यावर सुकट निवडत बसला होता. शेजारी बसून सांगून टाकलं.

त्याने हातातली सुकट खाली ठेवली. मग म्हणाला, "नव्यामध्ये एका माणसापुरता बदल करता येतो?"

"नाही. सगळ्यांना एकच. का रे?"

"खिडकीजवळ बसून सौदे टाकतात त्या कदमबाई. हात थरथरतो त्यांचा. एंटर दोनदा पडतो. त्यांच्या मशीनवर दुसरा एंटर मी अडवून ठेवलाय. नाहीतर एकाच्या जागी दोन सौदे जातील आणि नोकरी जाईल."

"त्यांना माहीत आहे?"

"छे! कशाला सांगायचं?"

स्वतःच्या पोटापाण्याचं त्याने अजून काहीच विचारलं नव्हतं.

"तू पर्मनंट आहेस ना? मग उद्यापासून त्यांच्या बाजूला बस यार," तो म्हणाला. "म्हण, बाई, मला शिकायचंय, एंटर मला दाबू द्या."