वनजाच्या नावावरचे आजार

"आजपासून या गावात कुणाच्या खिशात न समजलेला कागद राहणार नाही!"

वाचनालयाच्या ग्रंथपाल वनजानं भर सभेत असं ठणकावून सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या तिच्या अच्छननी, म्हणजे वडिलांनी, कणारननी. त्यांच्या खिशात त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून आणलेला कागद होता. इंग्रजीतला.

कणारननी कन्नूरच्या कारखान्यात जन्मभर विड्या वळल्या. तिथं एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे वळता वळता ऐकायचे. त्यामुळे क्यूबाचं राजकारण त्यांना तोंडपाठ, पण स्वतः वाचायचं म्हटलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची!

दर रविवारी वनजा टेबल मांडून बसे. डॉक्टरांचा कागद सोप्या भाषेत सांगे, पुढच्या खेपेला डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देई, आणि त्या आजारावरचं एखादं धड पुस्तक हातात ठेवी. कणारनही बाकावर येऊन बसत. पाळी आली की खोकत म्हणत, "आधी त्या म्हातारीचं बघ. माझं काय, साधा खोकला."

"अच्छन, कागद तर दाखवा!"

"पुढच्या रविवारी."

घोळ केला तो कुणी कुठलं पुस्तक नेलं याच्या नोंदवहीनं. ती दाराशीच उघडी असे आणि गावकरी आधी वर्तमानपत्र वाचत, मग ती! शेजारच्या नारायणीनं गर्भाशयाच्या आजाराचं पुस्तक नेलं, तर ती घरी पोचायच्या आत बातमी तिच्या व्याह्यांकडे पोचली. बिचारी रडत पुस्तक परत घेऊन आली.

वनजानं युक्ती काढली. आजाराचं पुस्तक कुणीही नेवो, नोंद स्वतःच्या नावावर! गर्दी दुप्पट झाली. तीन महिन्यांत वनजाच्या नावावर मुतखडा, गर्भाशय, मधुमेह, वेड, दारूचं व्यसन आणि टक्कल जमा झालं.

समोरच्या टपरीवाल्या चातूनं, गावाच्या चातूएट्टानं म्हणजे चातूदादानं, वही वाचून कपाळावर हात मारला. "एका बाईत अख्खं मेडिकल कॉलेज!"

तो तिला बिनसाखरेचा चहा देऊ लागला. शाळेतल्या बाई पाव आणि संत्री घेऊन भेटायला आल्या. कुणी मुत्तप्पन देवाला नवस बोललं. केसांकडे तर सगळेच असे बघत, जणू शेवटचं दर्शन! वनजाला नाही म्हणता येईना. नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग पुस्तकं कुणासाठी? ती नुसती हसायची. लोक म्हणायचे, "काय धीराची आहे!"

एक दिवस कणारन टपरीवरून चातूला वहीपाशी घेऊन आले आणि म्हणाले, "चातू, माझ्या मुलीच्या पानावर काय आहे ते मोठ्यानं वाच."

चातूनं वाचलं. जन्मभर ऐकत आलेल्या माणसानं तेही शेवटपर्यंत ऐकलं. मग खिशातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

त्या दिवसापासून ते पहाटे उठून पेज रांधू लागले. वनजाला विहिरीवरची कळशी उचलू देईनात. ताटातला मासा तिच्या ताटात सरकवू लागले.

"अच्छन, मला काय धाड भरलीय? आणि तुमचा कागद?"

"आधी तुझं होऊ दे."

तिला वाटलं, जेवणाचंच म्हणताहेत. पुस्तकं परत घ्यायची होती, ती उठून गेली.

चौथ्या महिन्यात कणारनच्या खोकल्यातून रक्त आलं, तेव्हा तिनं त्यांच्या खिशात हात घातला. बत्तीस घड्यांचा कागद! छातीच्या फोटोत डाग. दोन आठवड्यांच्या आत तपासणीला यावे.

"सांग ना," कणारन म्हणाले. "पण आधी तुझं सांग. एवढ्यांतलं वाईट कुठलं?"

"मला काही झालेलं नाही, अच्छन! ते सगळे गावाचे आजार!"

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. "गावाचे होय! मग मी काय परगावचा होतो, पोरी?"

डॉक्टरांनी फक्त विचारलं, "चार महिने कुठं होतात?" उत्तर वनजाकडे होतं, पण ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

कर्किडकम महिन्यात, ऐन पावसात, कणारन गेले. तिसऱ्या दिवशी चातू भेटायला आला. ओसरीवर टेकला आणि न राहवून म्हणाला, "खरं सांगू, वनजे? आम्ही सगळे धरून चाललो होतो, की आधी तू! तुझ्या अच्छननी मला शेवटी सांगितलं, ते आजार तुझे नव्हतेच."

चातू जवळ सरकला आणि कुजबुजला, "मूळव्याधीचं एक पुस्तक हवंय... तुझ्याच नावावर लिही हं."

वनजानं डोळे पुसले. "कागद आहे खिशात, चातूएट्टा?"

"आहे की."

"किती दिवसांचा?"

चातू आढ्याकडे बघू लागला. "विषूच्या सणाआधीचा, तीन महिने झाले असतील."

तिनं हात पुढे केला. कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. "यात मूळव्याध कुठंच नाही. लगेच यायला सांगितलंय. उठा, सव्वाअकराची बस आहे."

"अगं, पण तुला सुतक!"

"दवाखान्याला चालतं."

बस खच्चून भरली होती. निम्मं गाव तिच्यातच. कंडक्टरनं विचारलं, "काय चातूएट्टा, दवाखान्यात कुणाला दाखवायचंय?"

चातूनं वनजाकडे बोट केलं आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. "हिला रे! मूळव्याध! बाप गेला, आता कोण आहे बिचारीला?"

सगळी बस वळून बघू लागली. कुणीतरी उठून जागा दिली.

वनजानं चातूला बसवलं आणि मान डोलावली. "फार त्रास होतो हो," ती म्हणाली.