पेटीचा सूर खडकीमार्गे

"गुन्हेगाराला जन्म त्याची आई देते, पण बेड्या दीनानाथ पानसेच घालतो," असं दीनानाथराव स्वतःबद्दल म्हणत. दुसरं कोणी म्हणेना, म्हणून. कसबा पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर पाटी होती : 'दीनानाथ पानसे, गुप्तहेर. चोर सापडेल. चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास आमचीच मदत घ्यावी. दुपारी दोन ते चार चिंतन. बेल वाजवणाऱ्यास संशयित धरले जाईल.'

या थोर माणसाचा मदतनीस म्हणजे त्यांच्या बायकोचा, श्यामलाबाईंचा, भाऊ यज्ञेश्वर. बहिणीच्या संसारासाठी भाऊ काय काय सोसतो, ते त्याच्याकडे पाहून कळावं.

त्या गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या सुनीतीबाई डोळे पुसतच वर आल्या. बिबवेवाडीच्या एका महिला मंडळाला त्या इंटरनेटवरून पेटी शिकवत.

"दुपारी दोन ते चार कुठे होतात?" दीनानाथरावांनी भिंग रोखून आपला ठरलेला पहिला प्रश्न टाकला.

"शिकवत होते! तीच तर तक्रार आहे. मी 'सा' दिला की तिकडून 'सा' येईपर्यंत मी 'प'वर पोचलेली असते. सोमवारपासून बायका तिथल्याच आनंदीबाईंकडे जाणार म्हणतात. त्या गेल्या तर दिवसभर माझ्याशी बोलायला कोण आहे हो?"

यज्ञेश्वरला गलबलून आलं. दीनानाथरावांनी इंटरनेटवाल्या संभाजीला बोलावणं धाडलं.

"त्याचं असं आहे काका," संभाजी म्हणाला, "प्रत्येक जाळ्याच्या तोंडाशी एक राउटर असतो. तो शेजारच्या राउटरना विचारतो, बिबवेवाडी तुझ्याकडून किती लांब? जो सगळ्यात जवळचा रस्ता सांगेल, त्याच्या हाती आवाज सोपवतो. तो रस्ता बंद पडला तर आपोआप लांबचा धरतो. आपला सरळ रस्ता रोज दुपारी बंद पडतोय. मग सूर जातो खडकीला, तिथून मुंबईला आणि मग बिबवेवाडीला. आता तो सरळ रस्त्याचा बॉक्स आहे ना, तो..."

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये!" दीनानाथराव कडाडले. "रस्ता विचारतो? आणि शेजारी खरा सांगतात? म्हणजे हा राउटर पुण्याचा नव्हे. पहिला दुवा!"

"पण काका, बॉक्स..."

"खडकी! दारूगोळ्याचा कारखाना! यज्ञेश्वर, शत्रूचे हेर बाईंच्या भूपातून सांकेतिक निरोप धाडताहेत. नीघ!"

शुक्रवारची अख्खी दुपार यज्ञेश्वर काळा चष्मा लावून खडकी स्टेशनच्या बाकावर बसला. हेर दिसला नाही. एका फौजी आजोबांनी मात्र जवळ येऊन मुलगी पाहायला आलास का, नकार आला का, अशी आस्थेनं चौकशी केली.

"मग मुंबई!" रात्री जेवताना दीनानाथराव म्हणाले. "पुण्याचं गाणं मुंबईकरांना फुकट ऐकायचं आहे."

"पुण्यातले फुकट ऐकत नाहीत, मुंबईचे कशाला ऐकतील?" श्यामलाबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं. तो संशय तिथेच निकालात निघाला.

शनिवारी पाळी आनंदीबाईंची. शिष्या त्यांना मिळणार, म्हणजे कारस्थानही त्यांचंच. यज्ञेश्वर भर उन्हात बिबवेवाडीला पोचला. आनंदीबाईंनी आधी पोहे दिले, मग उत्तर.

"दोन ते चार? झोपलेली असते. दुपारी माणूस दुसरं काय करणार? आणि पेटी मला कुठे येते? मी विणकाम शिकवते. बायका म्हणाल्या, सूर लागत नाही, निदान स्वेटर तरी होईल."

तो परत आला तेव्हा साडेतीन वाजले होते. खालून सुनीतीबाईंचा रडवेला 'सा' ऐकू येत होता आणि संभाजी जिन्यात पाटीकडे बघत ताटकळला होता. इतक्यात शाळेत शिकवणाऱ्या श्यामलाबाई, शाळा लवकर सुटल्यामुळे, घरी आल्या. त्यांनी किल्लीनं दार उघडलं.

आत चिंतन घोरत होतं. डोक्याशी टेबलफॅन गरगरत होता. त्या खोलीत प्लग लावायची जागा एकच; तिथे फॅनची पिन होती, आणि खाली दिवे मालवलेला एक बॉक्स आपली पिन घेऊन अनाथासारखा पडला होता.

"हाच तो! सरळ रस्त्याचा, अख्ख्या इमारतीसाठी इथे बसवलेला!" संभाजी ओरडला. "पहिल्या दिवसापासून सांगतोय! दुपारी फोन करावा तर यांचा बंद, यावं तर पाटी. पाचला येतो तर बॉक्स चालू!"

श्यामलाबाईंनी फॅनची पिन काढून बॉक्सची लावली. हिरवे दिवे लुकलुकले. जरा वेळानं खालून अख्ख्या मंडळाचा 'सा' एका दमात उमटला, आणि पाठोपाठ सुनीतीबाईंचं हसू. यज्ञेश्वरचे डोळे उगाचच भरून आले.

वारा थांबल्यामुळे दीनानाथराव घामाघूम होऊन उठले. "पकडा! कोण आहे?"

"अहो," श्यामलाबाईंनी शांतपणे विचारलं, "दुपारी दोन ते चार आपण कुठे होतात?"

दीनानाथरावांनी फॅनकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं, आणि भिंग पुसायला घेतलं. "गुन्हेगार हुशार, हे मान्यच करावं लागेल," ते गंभीरपणे म्हणाले. "दोन ते चार सोडून दुसरी कुठलीही वेळ निवडली असती, तर माझ्या तावडीतून सुटला नसता!"

सोमवारी बिबवेवाडीच्या बायकांनी स्वेटरचा बेत रद्द केला. यज्ञेश्वर ही खबर द्यायला वर गेला, तर दारावरच्या पाटीत 'चोर सापडेल'च्या पुढे ताईच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात खडूनं लिहिलं होतं : 'दोन ते चार, आतच.'