हडपसरचा होकार

पहिल्याच दिवशी मी जगदाळे सरांना म्हणाले, "नमस्कार सर, मी विद्यापीठातून आले आहे, मला आपल्याशी थोडं बोलायचं होतं." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे उत्तर दिले, "यातला नमस्कार ठेवू. बाकीचं संपादक कापील."

हा संपादक नावाचा अदृश्य गृहस्थ कायम सरांच्या खांद्यावर बसलेला असे आणि समोर येईल त्याचे बोलणे कापत असे. चहावाल्याने "साहेब, आज दूध जरा उशिरा आलं, त्यामुळं..." अशी सुरुवात केली, की सर विचारत, "चहा आहे की नाही? बातमी पहिल्या वाक्यात." घरमालक अप्पा एकदा जिन्यात गाठून आपल्या आजोबांपासूनची हकिकत सांगू लागले. सर म्हणाले, "अप्पा, मुद्दा पहिल्या वाक्यात." अप्पा सदाशिव पेठेतले. म्हणाले, "बरं. जागा सोडा. आता दुसरं वाक्य ऐकता का?"

त्या सदाशिव पेठेत, एका शिकवणीच्या क्लासवरच्या दोन खोल्यांत, सरांची जनसंपर्क संस्था होती. दवाखाने, शाळा, दुकाने यांच्या बातम्या लिहून त्या वर्तमानपत्रांकडे पाठवणे हे तिचे काम. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात मी तिथे इंटर्न होते. आज मी हाच विषय महाविद्यालयात शिकवते आणि दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "मॅडम, इंटर्नशिप करून सर्टिफिकेट सोडलं तर नेमकं मिळतं काय?" या प्रश्नाचे उत्तर मला मुद्द्यांत देता येत नाही. मी जगदाळे सरांविषयी सांगू लागते.

संस्थेचा एक नियम होता. प्रसिद्धीपत्रक सरांनी तपासले तरी लगेच बाहेर जात नसे. आधी ते हडपसरला फोन करून वाचून दाखवावे लागे. पलीकडे इंदूताई असत. त्या सरांच्या थोरल्या भगिनी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या सगळे ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "बरं. मग मी काय करू?"

माझे पहिले पत्रक एका पुस्तकांच्या दुकानाचे होते. शहराच्या वाचनसंस्कृतीत या दुकानाने मानाचा तुरा खोवला आहे, असे मी मोठ्या अभिमानाने वाचले.

"तुरा खोवला. बरं. मग मी काय करू?"

"काही नाही, ताई."

"मग मला कशाला उठवलंस, पोरी? पोळी तव्यावर हाय."

मी पुन्हा लिहिले. मुलांची जुनी पाठ्यपुस्तके आणून द्या आणि त्या बदल्यात पुढच्या इयत्तेची न्या. "आता कसं," ताई म्हणाल्या. "शेजारच्या शिंदेबाईंना सांगते." हाच त्यांचा होकार. तो मिळाला, की पत्रक सुटे.

अभ्यासक्रमात मी संवादाच्या ज्या आकृत्या पाठ केल्या होत्या, त्यांत एका चौकोनातून निघालेला बाण दुसऱ्या चौकोनात जाई. त्या दुसऱ्या चौकोनातल्या माणसाची पोळी तव्यावर असते, हे मला त्या फोनने शिकवले.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. सर स्वतः कधीही हा फोन करत नसत. तो इंटर्ननेच, आपल्या मोबाईलवरून करायचा. सर शेजारच्या टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसत आणि फोन संपेपर्यंत पान उलटत नसत. शेवटी ताई विचारत, "त्याचा खोकला काय म्हणतोय?" मी सरांकडे पाही.

"सांग, खोकला हा बातमीचा विषय नाही."

"बरा आहे म्हणतात, ताई."

"बाळूला म्हणावं, गरम पाणी पी."

दोन पक्षांतल्या निरोपाची धार बोथट करून तो पोचवणे हा जनसंपर्काचा अर्धा व्यवसाय आहे. तो मला या भावंडांनी फुकट शिकवला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

सर स्वतः फोन का करत नाहीत, हे एकदा मी धीर करून ताईंना विचारले. "मी रिटायर झाले तेव्हा यानं सगळ्या पेपरांत बातमी आणली, फोटोसकट," त्या म्हणाल्या. "निरोप समारंभाला मात्र आला नाही. कुठल्याशा गिऱ्हाइकाचं उद्घाटन होतं. बातमी आली, भाऊ आला नाही. तेव्हापासून त्याचा फोन मी घेत नाही."

माझी इंटर्नशिप संपत आली असताना हडपसरमधल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराचे काम आले. पत्रक संध्याकाळच्या आत वर्तमानपत्रांकडे पोचले नसते, तर शिबिराची बातमी वेळेत छापून येणार नव्हती. मी फोन लावला.

"आज वाचू नकोस," ताई म्हणाल्या. "उद्याही नको. तुझ्याआधी ती साने होती, तिच्याआधी तो शेख. तुम्ही पोरं गोड आहात. पण ज्याचं पत्रक आहे, त्याला वाचता येतं."

फोन बंद झाला. मी बातमी पहिल्या वाक्यात दिली, "सर, यापुढे ताई आमच्याकडून ऐकणार नाहीत. आपण स्वतः वाचावं, असं म्हणतात."

"पाठवून दे मग. मी तपासलंय."

मी संगणकाकडे वळले.

"थांब. शिबिर हडपसरचं आहे. तिथल्या माणसाला न विचारता कसं पाठवायचं?"

हे कारण संपादकाने नक्की कापले असते. मी रिक्षा बोलावली.

हडपसरच्या गाडीतळाजवळच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा सरांनी विचारले, "पहिलं वाक्य काय असावं?"

"सर, पत्रकात आहे ना."

"पत्रकाचं नाही विचारत मी."

ताईंच्या घराचे आतले दार उघडे होते, बाहेरचे जाळीचे बंद. जाळीतून दिसत होते की ताई जमिनीवर बसून मेथी निवडत आहेत. सरांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीचा नव्हता. मध्येच खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी थांबू दिली आणि उरलेलेही वाचले.

ताईंनी मान वर केली नाही. "बरं. मग मी काय करू?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"ताई, दार उघड."

यातले काहीही कापण्यासारखे नव्हते.

ताई उठल्या, हात पदराला पुसले आणि कडी काढली. "चपला बाहेर," त्या सरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "पत्रक चांगलंय, पोरी. पाठव. शिंदेबाईंना घेऊन जाते शिबिराला."

मी आत गेले नाही. पायरीवर बसून मोबाईलवरूनच पत्रक पाठवले. आतून पातेल्यात पाणी ओतल्याचा आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला, आणि मग ताई म्हणाल्या, "बस, बाळू. गरमच पी."